उत्तराच्या अपेक्षेत

गेल्या आठवड्यात एका तरुण सहकारी मुलीनं स्वतः लिहिलेलं इंग्रजी पत्र माझ्यापुढं ठेवलं. 'ताई, पाठवायच्या आधी एकदा बघता का?' पत्र चांगलं होतं. दूर देशातल्या एका अभ्यासकाला तिनं चार नेमके प्रश्न विचारले होते, त्यांच्या कामाबद्दलचा आदर कुठंही लाचार न होता सांगितला होता, आणि सहीच्या जरा वर एक ओळ होती: 'आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय सून.' मी पेन्सिल उचलली, 'एक्स्पेक्ट'खाली रेघ ओढली आणि तिथंच अडले. 'स्पेलिंग चुकलं का?' तिनं विचारलं. 'नाही.' 'मग व्याकरण?' 'तेही नाही. पण असं लिहू नये गं.' ती क्षणभर गप्प राहिली. मग खरंच कोडं पडल्यासारखी म्हणाली, 'पण आपण मराठीत लिहितोच की. आपल्या उत्तराची अपेक्षा आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.' मी घाईघाईनं तिला 'लुक फॉरवर्ड टू' घालायला सांगितलं. तिनं ते घातलं, पत्र पाठवलं आणि आपल्या कामाला लागली. रेघ ओढलेला तो कागद माझ्या टेबलावरच राहिला.

तीच ओळ मी २२ वर्षांपूर्वी लिहिली होती.

माझी एक पत्रमैत्रीण होती. वयानं माझ्यापेक्षा बरीच मोठी, इंग्रजी ही तिची मातृभाषा. मी तेव्हा भाषांतराची छोटी-मोठी कामं करत असे आणि अडलेल्या जागा तिला कळवत असे. तिची पत्रं पातळ, किंचित निळसर कागदावर यायची. अक्षर उजवीकडे कललेलं, आणि ओळ संपता संपता शाई फिकी होत गेलेली. एकाच शब्दावर ती कधी कधी दोन पानं लिहायची. पाकीट उघडलं की बंद कपाटातून यावा तसा जुन्या कागदाचा वास यायचा. मी ते पत्र लगेच वाचत नसे, हातातली कामं आवरून, निवांत बसून वाचत असे. एकदा तीन महिने तिचं पत्र आलं नाही. मी काळजीत होते, थोडी रुसलेही होते. मग मीच पत्र लिहिलं आणि शेवटी लिहिलं की या वेळी मात्र मी उत्तर 'एक्स्पेक्ट' करते आहे. मनात मराठीच होतं, आणि त्या मराठीत माया होती. तिचं उत्तर आलं ते अर्ध्या पानाचं. तिच्याकडं पत्राचं देणं थकलंय हे तिला माहीत नव्हतं, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. पुढची पत्रं आखूड होत गेली. मग वर्षाला दोन, मग एक, मग तेही नाही.

'होप', 'एक्स्पेक्ट' आणि 'वेट'. शाळेत या तिघांची ओळख अर्थांच्या यादीतून झाली होती: आशा करणे, अपेक्षा करणे, वाट पाहणे. यादीत ते शेजारी-शेजारी शहाण्या मुलांसारखे बसलेले असतात. 'होप'मध्ये मन गुंतलेलं असतं, पण हातात काही नसतं. होईल की नाही ठाऊक नाही, व्हावं असं मात्र फार वाटतं. 'एक्स्पेक्ट'ला तुमच्या वाटण्याशी देणंघेणं नसतं, त्याला आधार लागतो. ढग पाहून वादळ 'एक्स्पेक्ट' करता येतं, ते यावं अशी 'होप' कुणाला नसते. आणि जेव्हा एक माणूस दुसऱ्या माणसाकडून काही 'एक्स्पेक्ट' करतो, तेव्हा तो आधार बहुतेक वेळा हक्काचा असतो. वरिष्ठ वेळेवर येणं 'एक्स्पेक्ट' करतात, शिक्षक गृहपाठ. माझ्या मैत्रिणीनं वाचलं ते हे. 'वेट'ची गोष्ट आणखी वेगळी, ते शरीरानं करायचं काम आहे. त्यात वेळ जातो, पाय दुखतात. आशा नसतानाही माणूस 'वेट' करू शकतो आणि पूर्ण खात्री असूनही अजिबात 'वेट' न करता आपल्या उद्योगात राहू शकतो. स्पॅनिशमध्ये या तिन्ही कामांना 'एस्पेरार' हे एकच क्रियापद पुरतं. तेव्हा इंग्रजी शिकताना स्पॅनिश माणसालाही इथं ठेच लागत असणार, आणि ती त्याच दगडाला लागत असणार, या विचारानं मला उगीचच सोबत मिळाल्यासारखं वाटतं.

पण या शब्दांची गफलत पत्राच्या शेवटच्या ओळीपुरतीच राहिली असती तर मी एवढी अस्वस्थ झाले नसते.

वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर इंग्रजीत बोलायचे. पाचव्या दिवशी व्हरांड्यात उभं राहून ते म्हणाले, 'वी होप ही विल वॉक.' त्यांचा आवाज मऊ होता. फिनेलचा वास, भिंतीतल्या ट्यूबलाइटची बारीक गुणगुण, माझ्या हातातल्या पिशवीची बोटांत रुतलेली नाडी, हे सगळं मला अजून जसंच्या तसं आठवतं. आत जाऊन मी आईला सांगितलं, 'डॉक्टर म्हणतात, चालायला लागतील.' वाक्यातलं पहिलं क्रियापद मी व्हरांड्यातच सोडून आले होते. आईनं दुसऱ्या दिवशी वडिलांचे बूट आणले, ओल्या फडक्यानं पुसले आणि पलंगाखाली टाचा भिंतीकडं करून ठेवले, म्हणजे उतरल्याबरोबर पाय घालता येतील असे. ते बूट नऊ महिने तसेच होते. आई मधूनमधून ते पुसायची. डॉक्टर खोटं बोलले असं तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं. मी तिला कधी सांगू शकले नाही की ते खोटं बोलले नव्हते, त्यांनी शब्द फार जपून निवडला होता. त्यांनी आशा दिली होती आणि मी तिच्या हातात अपेक्षा ठेवली होती. खरं तर त्या वेळी मला स्वतःलाही दुसरं काही ऐकायचं नव्हतं. 'होप' कानावर पडला होता, ऐकला नव्हता.

कानावर पडणं आणि ऐकणं. इंग्रजी त्यासाठी 'हिअर' आणि 'लिसन' अशी दोन वेगळी क्रियापदं ठेवते. आपल्याकडं 'ऐकणं' एकच, पण त्याला आपण 'ऐकू येणं' असा जोड देतो. 'सी' म्हणजे दिसणं, 'लुक' म्हणजे बघणं, आणि समोरचं हलतंय, बदलतंय म्हणून त्याच्यावर नजर ठेवून राहिलो तर 'वॉच'. हे फरक कुणीही समजावून देईल. मला जास्त ओढ आहे ती या मांडणीच्या आतल्या स्वभावाची. इंग्रजीत माणूस 'आय सी', 'आय हिअर', 'आय रिमेंबर' म्हणतो. दिसण्या-ऐकण्याचा, आठवण्याचाही कर्ता तोच. मराठीत मला दिसतं, मला ऐकू येतं, मला आठवतं. गोष्टी आपल्याकडं चालत येतात आणि आपण त्या येण्याची जागा असतो. आठवणही 'येते'. इंग्रजी बोलताना माझी जीभ वर्षानुवर्षं अडखळत आली, तिचं एक कारण हे असावं. प्रत्येक वाक्यात मला कर्ता होऊन उभं राहावं लागायचं आणि त्याची सवय नव्हती.

शब्दांच्या मुळाशी जायची मला खोड आहे. 'एक्स्पेक्ट' लॅटिनमधून आला. 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'स्पेक्तारे' म्हणजे पाहणं. बाहेर डोळे लावून पाहणं. आता आपली अपेक्षा. अप आणि ईक्ष्, म्हणजे पुन्हा पाहणंच. प्रतीक्षा, तीही प्रति आणि ईक्ष्. आणि ज्या शब्दाला मी सगळ्यात जास्त घाबरते तो 'उपेक्षा', त्यातही हाच धातू आहे. पाहणं तेच, पुढचा उपसर्ग बदलला की वाट पाहणारा माणूस दुर्लक्ष करणारा होतो. 'वेट' मात्र साधा, बिनउपसर्गाचा दिसतो. त्यात डोळे नसतील असं वाटत होतं. शोधलं तर तो जुन्या उत्तर फ्रेंचमधून आलेला निघाला, आणि त्याचा मूळ अर्थ पहारा देणं, नजर ठेवणं. 'वॉच' आणि 'वेक' यांच्याच गोतातला तो. म्हणजे इंग्रजीत 'वेट' करणारा माणूस एके काळी जागा राहून पाहत होता. आणि आपण तर अजूनही उघडपणे वाट 'पाहतो'. वाटेवर माणूस नसतो, म्हणून वाटच पाहतो. इतक्या लांबच्या भाषा, आणि कुणाच्या तरी येण्याचा प्रश्न आला की सगळ्यांनी डोळ्यांचंच नाव घेतलं. हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता, आणि तो कुणाला कळवावा तर जिला कळवायचा तिचीच पत्रं बंद झालेली.

'डिमांड'ची कथाही अशीच. फ्रेंचमध्ये 'दमांदे' म्हणजे नुसतं विचारणं, मागणं. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच शब्दांचे लोंढे इंग्रजीत येऊ लागले. जुना घरचा 'आस्क' होताच, त्याच्या शेजारी हा नवा येऊन बसला. पुढं पुढं 'आस्क' साधा राहिला आणि 'डिमांड'ला अधिकाराचा आवाज चढला. एकाच अर्थाचे दोन शब्द एका भाषेत फार काळ नुसते शेजारी राहत नाहीत, ते आपापला प्रांत वाटून घेतात. त्या वाटणीच्या सीमा जन्मानं त्या भाषेत असलेल्याला दिसतात. बाहेरून आलेला चालता चालता कुणाच्या तरी हद्दीत शिरतो आणि समोरच्याचा चेहरा बदलला की त्याला कळतं. 'डाउट' आणि 'सस्पेक्ट' यांच्यात तर उलटा अर्थ होण्याइतकं अंतर आहे. तो चोर आहे असं मी 'सस्पेक्ट' करते, म्हणजे तो चोर असावा असं मला वाटतं. तो चोर आहे हे मी 'डाउट' करते, म्हणजे तो चोर नसावा. आपल्या 'शंके'त दोन्ही मावतात. एखाद्या निरपराध माणसाच्या बाजूनं बोलायला उभं राहावं आणि या एका क्रियापदानं त्याच्यावर बोट रोखलं जावं, हे सहज होऊ शकतं.

परक्यांची ही अडचण इंग्रजीतल्याच एका बाईनं फार पूर्वी ओळखली होती. हेस्टर पिओझी तिचं नाव. इंग्रजीचा मोठा कोशकार सॅम्युएल जॉन्सन याची ती अनेक वर्षांची मैत्रीण, आणि पुढं एका इटालियन संगीतकाराची बायको. १७९४ मध्ये तिनं सारख्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर दोन खंड लिहिले आणि इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या आपल्या परदेशी स्नेह्यांना अर्पण केले. रोजच्या बोलण्यात कुठला शब्द निवडावा, हा तिचा विषय. घरात परक्या भाषेचं माणूस असल्याशिवाय असा विषय सुचत नाही, असं मला वाटतं. आपलाच नवरा चारचौघांत बोलताना जवळचा पण चुकीचा शब्द वापरतो, लोक क्षणभर थबकतात, आणि ते थबकणं तिला दिसतं. हे माझं कल्पनाचित्र आहे, पण ते मला सोडवत नाही. खुद्द जॉन्सननं १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूल केलंय की 'गेट', 'गिव्ह', 'मेक', 'टेक' असल्या सैल क्रियापदांनी त्याचे कष्ट फार वाढवले. त्याच्या त्या यादीत 'ब्रेक'ही आहे.

'ब्रेक'पाशी आले की मला आपल्या भाषेचा अभिमान वाटतो. इंग्रजीत कपही 'ब्रेक' होतो, दोराही, काठीही, वचनही. आपल्याकडं कप फुटतो, दोरा तुटतो, काठी मोडते. वचन मोडतं, संबंध तुटतो, वाचा फुटते. लहान मूल या तिघांत कधी गल्लत करत नाही आणि त्याला ते कुणी शिकवलेलंही नसतं. पोकळ, भरीव, ताणलेलं, वाकणारं हे सगळं त्याच्या हाताला आधीच समजलेलं असतं. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परक्यानं 'काठी फुटली' म्हटलं तर आपण हसू, पण का चुकलं ते सांगताना आपलीही पेन्सिल तिथंच अडेल. जे जन्मानं मिळालं त्याचं कारण आपल्यापाशी नसतं. माझ्या मैत्रिणीपाशीही नसणार. 'एक्स्पेक्ट' वाचताना तिला काही तरी टोचलं असेल, आणि शब्द टोचला की माणूस टोचला हे वेगळं काढायला तिला जमलं नसेल.

मैत्री फुटत नाही, हे मराठीनं मला सांगून ठेवलंय. ती तुटते. आणि तुटलेल्याला गाठ मारता येते.

एक क्रियापद आपल्याकडं असं आहे की त्याच्या बदल्यात मी इंग्रजीचे कितीही शब्द द्यायला तयार आहे. 'थांबणं.' पाऊस थांबला, तिथं ते 'स्टॉप' आहे. 'थांब, मी आलेच', तिथं ते 'वेट' आहे. 'आज थांबा, उद्या जा', तिथं ते 'स्टे' आहे. इंग्रजीला ज्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात, त्यांत आपल्याला एकच गोष्ट दिसली. जाणाऱ्यानं जाऊ नये. वडिलांच्या शेवटच्या रात्री आई फक्त तेवढा एक शब्द म्हणत होती, 'थांबा.' तिला त्यातला कुठला अर्थ म्हणायचा होता ते मला ठरवता येत नाही. तिन्ही असणार. त्या खोलीत कुणी मला इंग्रजीत विचारलं असतं की त्या काय म्हणताहेत, तर मला उत्तर देता आलं नसतं.

त्या मुलीला मी काल बोलावून घेतलं. रेघ ओढलेला कागद तिच्यापुढं ठेवला आणि सांगितलं की परवा मी तुला उत्तर दिलं नव्हतं, वाट दाखवून मोकळी झाले होते. मग आशा, अपेक्षा, वाट पाहणं याबद्दल जे समजलं होतं ते सांगितलं. बुटांचं सांगितलं नाही. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला. 'पण ताई, तुम्ही त्यांना लिहिलंत तेव्हा तुम्हाला मनातून काय वाटत होतं? आशा होती की अपेक्षा?'

इतकी वर्षं मी हेच धरून बसले होते की माझ्या मनात एक होतं आणि परक्या भाषेनं दुसरंच बोलून टाकलं. पण रात्री ते दिवस पुन्हा आठवून पाहिले. तीन महिने रोज पत्रपेटी उघडणं, रिकामी पेटी बंद करताना पत्र्याचा होणारा आवाज, मी इतकं मनापासून लिहिते तर हिला चार ओळी लिहायला काय झालं, असं वाटणं. ती आजारी असेल, तिच्या घरात काही घडलं असेल, हे काळजीच्या क्षणी सुचायचं आणि रुसव्याच्या क्षणी विसरायला व्हायचं. मला तिच्या पत्रांवर माझा हक्क वाटत होता. 'एक्स्पेक्ट' हाच शब्द बरोबर होता. तो मी न जाणता लिहिला आणि तिनं तो जाणून वाचला.

आज सकाळी जुनी वही काढून तिचा पत्ता शोधला. ती आता तिथं राहते की नाही, आहे तरी की नाही, मला माहीत नाही. कागद घेऊन बसले आणि पहिल्या वाक्याशीच 'मिस' हे क्रियापद आलं. नेम 'मिस' होतो, गाडी 'मिस' होते, आणि दूर गेलेलं माणूसही इंग्रजीत 'मिस' केलं जातं. हा शब्द मला नेहमी परका, जरा हलका वाटत आला होता. आज पहिल्यांदा लक्षात आलं की आपणही तेच म्हणतो. नेम चुकतो, गाडी चुकते, आणि माणूस नसलं की घरात चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं. म्हणून ते क्रियापद निर्धास्तपणे लिहिलं. तुझी पत्रं 'मिस' केली, असं लिहिलं. मग 'वेट' आणि 'वॉच' एकाच गोतातले निघाल्याचं कळवलं, वाट पाहण्याबद्दल लिहिलं, 'थांबणं' समजावून सांगायला पाऊण पान लागलं. शेवटी नुसती सही केली. उत्तराबद्दल काही लिहिलं नाही. पाकिटाच्या मागं माझा पत्ता मात्र सावकाश, एकेक अक्षर सुटं करून लिहिला.